पार्किंगमधला रॅम्प

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी, चर्चमध्ये कपाळाला लावलेली राख पुसली जाऊ नये म्हणून टोपी हातात धरून घरी आलेल्या ऑरिन हॅस्केलने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, की यंदा ईस्टरपर्यंत आपण कुणाचाही शब्द सुधारणार नाही.

त्याची बायको नोरीन सूप वाढत होती. ती वाढायची थांबली.

"कुणाचाही?"

"कुणाचाही."

"माझ्या बहिणीचासुद्धा?"

ऑरिन पाणी प्यायला आणि ग्लास खाली ठेवून म्हणाला, "तिचासुद्धा."

उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत काहीतरी सोडायचं, ही त्या घरची रीत. नोरीन दरवर्षी साखर सोडते आणि मध चालतो असं मानते. देव समजून घेतो. पण सोडायचं ते असं असावं, की सोडताना आतून थोडं सोलवटलं पाहिजे. नाहीतर कारल्याचा रस सोडून पुण्य पदरात पडलं असतं. ऑरिनचा तर पिंडच शब्द सुधारण्याचा. तीस वर्षं तो सनीव्हेलमध्ये यंत्रांची माहितीपुस्तकं लिहीत आला होता. ‘हिरवं बटण दाबा. दिवा लागेल.’ हे त्याचं वाक्य. त्यात एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही, आणि बटण दाबलं की दिवा खरोखर लागतो. अशी वाक्यं लिहिणाऱ्याने व्हेलुमो कंपनीत नोकरी करणं म्हणजे सोवळ्याने मासळीबाजार ओलांडण्यासारखं होतं.

व्हेलुमोत कुणी कुणाला भेटत नसे. ‘अलाइन’ होत असे. कुणाला वेळ नाही असं कधी होत नसे, ‘बँडविड्थ’ नसे. काम फसलं की ते ‘शिकवण’ होई, आणि माणसाला काढून टाकलं की तो ‘पुढच्या प्रवासाला’ निघे. दर वसंतात अशी सात-आठ माणसं आपापलं खोकं छातीशी धरून प्रवासाला निघत.

या सगळ्यात ऑरिनचा एकच विसावा होता, मागच्या बैठ्या इमारतीतली टपालखोली आणि तिथला अँब्रोज लेओटा. अँब्रोज मूळचा सामोआचा, देहाने कपाटाएवढा, आणि बावीस वर्षं त्या खोलीचा राजा. त्याच्या खिडकीशी उभं राहून नाव सांगायचं, वहीत सही करायची, खोकं घ्यायचं. "आलं" म्हणजे आलं, "नाही आलं" म्हणजे नाही आलं. ऑरिन दिवसातून दोनदा काही काम नसताना तिथे जाई आणि कान धुऊन आल्यासारखा परत येई.

जानेवारीत अँब्रोज घरच्या लिंबाच्या झाडावरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. आता तो चाकाच्या खुर्चीवर होता आणि काही महिने तरी राहणार होता. ऑरिन त्याला भेटायला गेला तेव्हा त्याच्या मांडीवर कंपनीचं पत्र होतं.

"वाच, पुस्तकवाल्या," अँब्रोज म्हणाला. "तुला वाचता येतं म्हणतात."

पत्र चार पानी होतं. ऑरिनने ते दोनदा वाचलं आणि सार सांगितलं. मार्चच्या चौथ्या सोमवारी अँब्रोज कामावर हजर झाला तर ठीक, नाहीतर टपालखोलीच्या जागी कुलूपबंद कपाटांची भिंत येईल. कपाटं स्वतःच बोलतात म्हणे. अँब्रोजला हवं तर घरून काम करता येईल.

"घरून टपाल वाटू?" अँब्रोज म्हणाला. "म्हणजे माझ्या बायकोला रोज शेजाऱ्याचं वीजबिल नेऊन देऊ?"

"तू सोमवारी हजर हो."

"होईन. हातात जोर आहे, खुर्ची चालवतो. पण मागच्या दाराला ती एक पायरी आहे. ती एक पायरी मला आता डोंगर आहे, ऑरिन. आणि मला उचलून आत न्यायचं नाही. माझ्या मापाच्या माणसाला चौघं उचलतात ते एकदाच."

"मी तिथे रॅम्प करून घेतो."

"नक्की?"

"नक्की."

ऑरिन एरवी वचन देणारा माणूस नव्हे. वचनापेक्षा त्याला सूचना लिहायला आवडे. पण दिलं खरं.

घरी आल्यावर कुंपणापलीकडून मॅनी फागुंडिसने विचारपूस केली. मॅनीने चाळीस वर्षं अर्ध्या गावाचे पदपथ ओतले होते, आणि निवृत्त झाल्यापासून तो दुसऱ्यांच्या पदपथांतल्या भेगा बघत हिंडे.

"पायरी किती उंच?"

"सहा इंच."

"मग सहा फूट लांब उतार. इंचाला फूट. फळ्या माझ्याकडे आहेत, सिमेंट आणू, एक सकाळ पुरे. तुझ्या त्या कंपनीला विचारायचं काय त्यात?"

"जागा त्यांच्याकडे भाड्याने आहे. एक सही लागेल."

"एका सहीला पाच आठवडे," मॅनी म्हणाला. "आरामात आहेस तू."

पुढच्या सोमवारच्या बैठकीत ऑरिनने हात वर केला. बैठक टॅम्सिन प्रुइट घेत होती. ती सगळ्या विभागाची प्रमुख. चाळीस मिनिटं एका श्वासात बोले, आणि शेवटी काय ठरलं ते कुणाला सांगता येत नसे. पण लोक निघताना ताठ चालत. तिच्या बोलण्याला अर्थ नसला तरी भाव असे. प्रत्येकाच्या मुलांची नावं तिला पाठ होती, आणि अँब्रोजला पहिली फुलं तिनेच पाठवली होती. ऑरिनला तिच्याबद्दल वाकडं बोलवत नसे. तिचं व्याकरण मात्र त्याला रात्रभर टोचे.

"अँब्रोज परत येतोय," ऑरिन म्हणाला. "त्याच्यासाठी मागच्या पार्किंगमध्ये रॅम्प हवा."

टॅम्सिनने छातीवर हात ठेवला. "किती सुंदर. ब्रोडी, हे पार्किंगमध्ये घे."

ब्रोडी हा तिचा योजना सांभाळणारा तरुण. त्याने लगेच उठून फळ्यावर लिहिलं. ऑरिन संध्याकाळी मॅनीला सांगून मोकळा झाला की काम मंजूर झालं.

इथे एक खुलासा केला पाहिजे. व्हेलुमोत पार्किंग म्हणजे गाड्या लावायची जागा नव्हे. बैठकीत एखादा विषय निघाला आणि तो आत्ता नको असला, तर तो फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहून ठेवतात. त्या कोपऱ्याला पार्किंग म्हणतात. तिथे लावलेला विषय पुन्हा बाहेर निघाल्याचं कुणाला आठवत नाही. आणि रॅम्प म्हणजे नव्या माणसाचा हात कामावर बसेपर्यंतचा काळ. तेव्हा ऑरिन बोलला एक आणि खोलीने ऐकलं दुसरंच: अँब्रोजला काम पुन्हा शिकवावं लागेल, पण हा विषय नंतर.

ऑरिन आठवडाभर मागच्या दाराशी जाऊन बघत होता. फळ्या नाहीत, फीत घेतलेला माणूस नाही. पायरी जागच्या जागी, आणि तिच्यावर एक खार. शेवटी त्याने ब्रोडीला गाठलं.

"रॅम्प पार्किंगमध्ये आहे ना?"

"आहे ना. अगदी वर आहे."

"वर कुठे?"

"सगळ्यात वर, ऑरिन. काळजी करू नका."

पार्किंगला मजलेच नव्हते. तरी ऑरिन पुन्हा एकदा जाऊन आला. माणूस भाबडा असला की असं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे ब्रोडीने केलेला कागद आला. ‘अँब्रोज लेओटा: रॅम्प. पहिले तीस दिवस: इमारतीची ओळख करून घेणे. पुढचे तीस दिवस: टपाल म्हणजे काय हे समजून घेणे.’ ज्या माणसाने बावीस वर्षं त्या इमारतीतलं एकेक पाकीट वाटलं त्याला टपाल म्हणजे काय हे शिकायला तीस दिवस दिले होते. आता कुठे ऑरिनच्या डोक्यात उजेड पडला. ‘अरे बाबा, रॅम्प म्हणजे ते नव्हे’ हे वाक्य जिभेच्या टोकापर्यंत आलं. आणि त्याला व्रत आठवलं.

व्रताची गंमत अशी, की ते कधी अडचणीत येणार नाही अशा वेळी आपण घेतो, आणि मग ते नेमकं अडचणीतच येतं. ऑरिन वाक्य गिळून बसला. दुसऱ्याचा शब्द सुधारायचा नाही. पण आपला शब्द बदलायला कुणाची हरकत? पुढच्या बैठकीत तो म्हणाला, "मला म्हणायचं होतं, उतार हवा."

कंपनीचे शेअर त्याच आठवड्यात घसरले होते.

"ऑरिन," टॅम्सिन हळू आवाजात म्हणाली, "तो शब्द सध्या या इमारतीत नको."

"पण खालून बघितलं तर तो चढच आहे," ऑरिन म्हणाला. तो प्रामाणिक माणूस होता आणि ते खरंच होतं.

टॅम्सिनचे डोळे पाणावले. "ऐकलंत? खालून बघितलं तर चढच आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. "मला यावर काहीतरी ठोस, काँक्रीट हवं, ऑरिन."

"मलाही काँक्रीटच हवंय," ऑरिन जीव तोडून म्हणाला.

"मग तुम्हीच याचे मालक."

अशा रीतीने ‘प्रोजेक्ट रॅम्प’ सुरू झाला. पार्किंगच्या कोपऱ्यातून बाहेर निघालेला तो पहिला विषय, म्हणून त्याचं कौतुकही फार. पहिल्या आठवड्यात सहा माणसं आली, दुसऱ्यात सव्वीस. एका मुलीने चिन्ह काढलं. त्यात एक माणूस बाणावरून चढत होता. तसे निळे सदरे छापून आले. प्रत्येक बैठकीत प्रत्येक जण ऑरिनकडे बघून मान हलवे. तीस वर्षांत त्याच्याकडे बघून कुणी मान हलवली नव्हती. दिवा लागला तर लोक बटणाचे आभार मानत नाहीत, मग माहितीपुस्तकाचे कुठून मानणार?

आणि खरं सांगायचं तर ऑरिनला ते गोड लागू लागलं. एका संध्याकाळी नोरीनने विचारलं, "कचऱ्याचा डबा बाहेर ठेवलास?"

"ते माझ्या रडारवर आहे," ऑरिन म्हणाला.

नोरीन स्वतःच डबा घेऊन बाहेर गेली. कुंपणापाशी मॅनी होता. दोघं काहीतरी बोलली. परत येऊन ती म्हणाली, "मॅनी विचारतोय, फळ्या ठेवू की विकू?"

त्याच सुमारास अँब्रोजचा फोन आला.

"झाला का रे रॅम्प?"

ऑरिनने घसा साफ केला. "आपण योग्य दिशेने आहोत. बरीच गती आली आहे. सगळे पाठीशी आहेत."

पलीकडे कुणीतरी भांडी घासत असल्याचा आवाज येत होता.

"म्हणजे नाही झाला," अँब्रोज म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

ऑरिन फोन हातात घेऊन तसाच बसला. बायको बोलली तर माणूस उलटून बोलतो, शेजारी बोलला तर हसण्यावारी नेतो. पण आपल्या तोंडून निघालेल्या शब्दांचा असा तीन शब्दांत निकाल लागला की कान झाकायला हात पुरत नाहीत. शुक्रवार होता. मधे शनिवार-रविवार, आणि मग तो सोमवार.

तो त्याच दुपारी टॅम्सिनच्या खोलीत गेला. ती उठून उभी राहिली, त्याला पाणी दिलं. मनात रचून आणलेलं, एकही शब्द जास्त नसलेलं वाक्य त्याने उच्चारलं.

"टॅम्सिन, अँब्रोजला पायरी चढता येत नाही."

तिने त्याचा हात हातात घेतला. "ऑरिन, पुढची पायरी कुणालाच सोपी नसते. मलाही नव्हती. पण आपण सगळे आहोत ना?"

‘पायरी म्हणजे ती पायरी नव्हे.’ एवढंच म्हणायचं होतं. ऑरिनने ओठ मिटले. ओठांमागे सगळा शब्दकोश थडाथडा आपटत होता. पण देवाला दिलेला शब्द कामापुरता मोडायचा, तर पुढच्या वर्षी त्याच्यासमोर राख लावून घ्यायला कोणत्या तोंडाने जायचं? तो उठला. दारात वळून म्हणाला, "सोमवारी सकाळचा अँब्रोजच्या स्वागताचा कार्यक्रम आपण आत सभागृहात न करता मागच्या पार्किंगमध्ये करू या का?"

"खऱ्या पार्किंगमध्ये?" टॅम्सिन आनंदली. "काय कल्पना सुचली तुम्हाला."

सोमवारी नऊ वाजता मागच्या पार्किंगमध्ये तीनशे माणसं जमली. निळे सदरे, फुगे, कॉफी आणि दारावर आडवी रेशमी फीत. अँब्रोजला त्याची मुलगी गाडीतून घेऊन आली. तो फुलाफुलांचा सदरा आणि सामोअन लोक लुंगीसारखी नेसतात ती काळी लावालावा नेसून, केस चोपून बसवून आला होता, जसा रविवारी चर्चला जातो तसा. टाळ्यांचा कडकडाट झाला. टॅम्सिन बारा मिनिटं बोलली आणि फार छान बोलली. मग हात पसरून म्हणाली, "अँब्रोज, या. हा रॅम्प तुमचा आहे."

अँब्रोजने खुर्ची पुढे नेली. पुढची चाकं पायरीला टेकली आणि थांबली. त्याने पायरीकडे बघितलं. मग मान वळवून ऑरिनकडे बघितलं. ऑरिनला वाटलं, यापेक्षा त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी वचन दिलं होतं," ऑरिन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मला जमलं नाही."

लोक अजून टाळ्या वाजवत होते, पण विरळ. चौघं दणकट अभियंते पुढे झाले.

"आम्ही उचलतो."

"लांब," अँब्रोज म्हणाला. "मी काही पियानो नाही."

टॅम्सिन पुढे आली. खाली वाकली. तिने अँब्रोजच्या चाकाकडे बघितलं, पायरीकडे बघितलं, पुन्हा चाकाकडे बघितलं. तिच्या कपाळावर आठी पडली. ती काहीतरी शोधत होती, आणि बरेच शब्द बाजूला सारावे लागत असावेत, कारण तिला वेळ लागला.

"इथे पायरी आहे," ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या. ऑरिनने तिच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं वाक्य, ज्यात सुधारण्यासारखं काही नव्हतं.

"हो बाई," अँब्रोज म्हणाला. "आहे."

"ऑरिन, तुम्ही मला हेच सांगत होतात?"

"हो."

"पाच आठवडे?"

"हो."

ती लाल झाली. कानाच्या पाळ्यांपर्यंत. पण तिने तोंड फिरवलं नाही, की कुणावर ढकललं नाही, आणि हे सगळ्यांना जमत नाही. तिने तिथेच उभ्याउभ्या इमारतीच्या मालकाला फोन लावला. "मागच्या दाराला पायरी आहे, आमच्या माणसाला आत जाता येत नाही, उतार करायचाय," एवढंच बोलली. पलीकडून "मग करा की, कागद आजच पाठवतो" असं उत्तर आलं. हा सगळा व्यवहार दीड मिनिटात आटोपला. मग तिने अँब्रोजला विचारलं, "तोवर काय करू?"

"मी कामावर हजर झालोय," अँब्रोज म्हणाला. "ते लिहून घ्या. आणि माझं टपाल बाहेर आणा."

चार दिवस व्हेलुमोचं टपाल पार्किंगमधून वाटलं गेलं. एका मोठ्या छत्रीखाली, दोन गाड्यांच्या मधे, अँब्रोज वही मांडीवर घेऊन बसला. कपाटांच्या भिंतीचं माप घ्यायला मंगळवारी माणूस आला, तेव्हा त्यालाही त्याने रांगेत उभं केलं, आणि आपलं काहीच टपाल नाही हे कळल्यावर तो बिचारा परत गेला. दाराशी मॅनी फागुंडिस गुडघ्यांवर बसून काँक्रीट घोटत होता, आणि सव्वीस निळे सदरे त्याच्याभोवती कोंडाळं करून बघत होते. त्यांच्यापैकी कुणीही आजवर खरोखरची एखादी वस्तू घट्ट होताना बघितली नव्हती.

"मागे सरका," मॅनी म्हणे. "काँक्रीटला गर्दी आवडत नाही."

काँक्रीट ओतलं त्या संध्याकाळी टॅम्सिनने साऱ्या कंपनीला पत्र पाठवलं. ते तिने आधी ऑरिनला दाखवलं. ‘मागच्या दाराला उतार केला आहे. तो ओला आहे. शुक्रवारपर्यंत त्यावर पाय ठेवू नका.’ ऑरिनने ते वाचलं आणि जसंच्या तसं परत दिलं.

त्या पत्राला त्रेचाळीस उत्तरं आली. ‘ओला’ या शब्दातून नेमकं काय सुचवायचं आहे, असं हिशेब विभागाने विचारलं. पाय न ठेवणं हे सर्वांना लागू आहे की फक्त वरिष्ठांना, असं दुसऱ्या कुणी. ब्रोडीने शुक्रवारपर्यंतच्या काळाचा आराखडा जोडला. एकाने तर, हे धोरण आपल्याला फार भावलं, असं लिहून उताराच्या मधोमध पाऊल उमटवून दाखवलं. ते मॅनीने मोजक्या शब्दांत पुसून काढलं.

शुक्रवारी फळ्या काढल्या. कार्यक्रम ठेवला नव्हता, तरी लोक आले. अँब्रोजने खुर्ची उताराच्या तोंडाशी आणली. ऑरिनने मागचे दांडे धरले.

"हात काढ, पुस्तकवाल्या."

ऑरिनने हात काढला. अँब्रोज चढू लागला. पहिले चार फूट सहज गेले. पाचव्याला त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या, खुर्ची बोटभर मागे आली, आणि तीनशे माणसांचा श्वास अडकला. मग एक जोराचा हात, आणखी एक, आणि तो दारात होता. आत गेला. दार लावून घेतलं.

बराच वेळ काहीच झालं नाही. आत खोकी सरकवल्याचे आवाज येत होते, आणि मधूनमधून सामोअन भाषेत कुणाचा तरी उद्धार होत होता. मग खिडकीची झडप वर गेली.

"एकेक जण," अँब्रोज म्हणाला.

रांगेत पहिली टॅम्सिन होती. तिने नाव सांगितलं, वहीत तारीख घातली, सही केली आणि ‘वस्तू’ या रकान्यात काहीतरी लिहिलं. अँब्रोजने वही आपल्याकडे वळवली आणि चष्मा चढवला.

"हे काय लिहिलंत?"

"डिलिव्हरेबल," टॅम्सिन म्हणाली.

"बावीस वर्षांत असलं काही इथे आलेलं मला आठवत नाही, बाई. खोकी येतात, पाकिटं येतात, एकदा कोंबडीची पिल्लं आली होती. यातलं जे असेल ते लिहा."

टॅम्सिनने शब्द खोडला आणि ठसठशीत अक्षरांत ‘खोकं’ असं लिहिलं. अँब्रोजने खोकं तिच्या हातात दिलं.

"पुढचा. तुझं काय आलंय?"

"माझं काही आलेलं नाही," ऑरिन म्हणाला.

"मग रांगेत कशाला उभा?"

"असाच."

"असाच हा रकाना नाही माझ्याकडे. बाजूला हो, मागे माणसं खोळंबलीत."

ऑरिन बाजूला झाला. त्या उतारावरून सावकाश खाली आला, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.